झरणीचा जीर्णोद्धार

जुन्या वस्तू विकत घेण्याची मला कधीच हौस नव्हती. विकून टाकण्याची मात्र होती. १९८७ साली वडील वारले आणि बडोद्यातील दांडिया बाजारातले आमचे बिऱ्हाड मोडण्याची वेळ आली, तेव्हा चार दिवसांत मी घर रिकामे केले. तांब्यापितळेची भांडी मोडीत गेली, मासिकांचे गठ्ठे रद्दीत गेले आणि वडिलांचे लिहिण्याचे टेबल एका जुन्या सामानवाल्याने हातगाडीवर घालून नेले. गाडी वळणापाशी पोहोचली तेव्हा मला आठवले, की टेबलाच्या खणात त्यांची झरणी राहिली आहे. हाक मारली असती तर गाडीवाला थांबला असता. मी हाक मारली नाही. नाहीतरी ती चालत नव्हती, असे मी मनाशी म्हटले.

झरणी हा शब्द वडिलांच्या तोंडचा. फाउंटन पेनाला मराठीने दिलेले हे गोड नाव आता फारसे कानी पडत नाही. वडील बडोदे संस्थानाच्या एका कचेरीत कारकून होते. १ मे १९४९ रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले, तेव्हा त्यांची खुर्ची तीच राहिली, कागदांवरचे शिक्के तेवढे बदलले. पहिल्या पगारातून त्यांनी ती काळी 'ब्लॅकबर्ड' घेतली होती. मेबी टॉड या मूळच्या न्यूयॉर्कच्या आणि पुढे इंग्लंडात स्थिरावलेल्या कंपनीची 'स्वान' ही थोरामोठ्यांच्या खिशात मिरवणारी. 'ब्लॅकबर्ड' ही तिची साधी, स्वस्त बहीण. स्वस्त म्हणावी, तरी निब चौदा कॅरट सोन्याची!

दर रविवारी सकाळी त्या झरणीला स्नान घडे. मग दौतीत निब बुडवून बाजूची बारीक कळ उचलायची, सोडायची आणि शाई आत शिरताना येणारे बुडबुडे पाहायचे. कळ उचलण्याचा मान आक्काचा. तिच्या बोटांवर आपली बोटे ठेवून वडिलांनी तिला बाळबोध अक्षर घोटवले होते. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकातला पहिला समास लेखनक्रियेचा. अक्षर सुटे आणि नेटके असावे हे तर समर्थांनी सांगितलेच आहे. पण तारुण्यात फार बारीक लिहू नये, म्हातारपणी ते आपल्यालाच उपयोगी पडत नाही, इथवर त्यांनी बजावले आहे. वडील तो समास आक्काला वाचून दाखवीत. मी शेंडेफळ, माझ्या वाट्याला बॉलपेनचा जमाना आला, आणि अक्षर कसे असावे याची चौकशी मीही केली नाही, त्यांनीही केली नाही.

चार वर्षांपूर्वी मांडवीजवळच्या एका गल्लीत, जुन्या सामानाच्या दुकानापुढे मी पावसासाठी थांबलो होतो. गंजलेल्या किल्ल्यांच्या डब्यात एक काळपट पेन दिसले. उचलून पाहिले, तो 'ब्लॅकबर्ड'. क्षणभर काळजाचा ठोका चुकला. पण उजेडात धरताच कळले, की ही ती नव्हे. हिच्या अंगावर कोणा कारागिराने देवनागरीत तीन आद्याक्षरे कोरली होती. वडिलांच्या झरणीवर नाव नव्हते. दुकानदार प्रामाणिक होता. "काका, आ तो बगडेली छे, नहि चाले," तो म्हणाला. तेच वाक्य! मी तीनशे रुपये दिले आणि ती खिशात टाकली. आयुष्यात विकत घेतलेली ही माझी पहिली जुनी वस्तू.

घरी येऊन कळ उचलू गेलो, ती हलेना. जोर केला असता तर मोडली असती. आत रबराची एक नळी असते. कळीच्या दाबाने ती चेपते आणि सुटताना शाई ओढून घेते. वर्षानुवर्षे पडून राहिली, की हे रबर आटून काचेसारखे होते. शाई कोरडी झाली म्हणून झरणी मरत नाही. तिचा श्वास घेणारा भाग दगड होतो म्हणून मरते. पेनाचे अंग मात्र एबोनाइटचे. तेही रबरच, पण भरपूर गंधक घालून शिजवून कठीण केलेले. हे कोरड्या उबेने किंचित सैल पडते. सेल्युलॉइडच्या पेनाला ज्योत दाखवणे म्हणजे आगीला निमंत्रण. एबोनाइटलाही विस्तव नको, ऊबच हवी. केस वाळवण्याच्या यंत्राची गरम हवा दुरून देत, थांबत, पुन्हा देत मी निबेकडचा भाग फिरवू लागलो. तिसऱ्या संध्याकाळी तो सुटला आणि नळीचा काळा चुरा कागदावर सांडला.

निब आणि तिच्याखालची जीभ साध्या थंड पाण्यात ठेवली. रात्रभरात पाणी निळे झाले. कोणी अनोळखी माणसाने लिहायचे ठरवलेले आणि न लिहिलेले शब्दच जणू त्यात उतरले होते. नवी नळी मुंबईहून मागवली, मापाने कापली. ती चिकटवायची कशाने? आजकाल मिळणारे झटपट चिकटणारे द्रव्य हाताशी होते. पण एका जाणत्या सुताराने सांगितले, "चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून लावा. घट्ट धरते, आणि पुन्हा उघडायची वेळ आली तर उबेने सोडते." जोड असा असावा, की आपल्यामागून येणाऱ्या माणसाला तो न मोडता सोडवता यावा, हे शहाणपण मला साठी उलटल्यावर सुताराकडून मिळाले.

इथवर सारे सुरळीत झाले. मग मोह झाला. उन्हापाण्याने एबोनाइटचा काळा रंग उडून तपकिरी झाला होता. तो उजळावा म्हणून पितळेची भांडी घासायची पूड घेऊन मी बसलो. चोळता चोळता गंधकाचा उग्र वास सुटला, अंग चकाकू लागले, मला स्फुरण चढले. थांबून पाहतो तो तीन अक्षरांपैकी तिसरे पुसले गेले होते. त्या माणसाचे नाव कितीतरी वर्षे परक्यांच्या हातांत, गंजलेल्या किल्ल्यांत टिकून होते. ते मी पाव तासात, प्रेमाने, घासून टाकले.

देवळाचा जीर्णोद्धार करताना मूर्तीतले देवतातत्त्व आधी कलशात आणून ठेवतात आणि काम संपले की पुन्हा मूर्तीत आवाहन करतात. लहानपणी मला हे निव्वळ कर्मकांड वाटे. त्या रात्री वाटले, की त्यात एक सावधगिरी आहे: हात लावण्यापूर्वी, या वस्तूत जपण्यासारखे काय आहे हे ओळखा आणि ते आधी बाजूला काढा. मी ते ओळखले नव्हते. १९८७ सालीही नाही, आणि त्या रात्रीही नाही.

निळी शाई भरली. पहिले पत्र आक्काला लिहिले. ती लग्न होऊन कारवारला गेली त्याला आता अर्धे शतक लोटले. टेबल विकल्याचे तिला ठाऊक होते. झरणी आत होती, आणि मी हाक मारली नाही, हे मी प्रथमच लिहिले.

तिचे कार्ड आले, नेहमीप्रमाणे निम्मे मराठी, निम्मे कोकणी. क्षेमसमाचार झाल्यावर तिने लिहिले होते, की घर मोडताना कोणाला काय हवे हे तू भावांना विचारलेस, मला विचारले नाहीस. विचारले असतेस तर मी फक्त ती झरणी मागितली असती.

मी कितीतरी वेळ ते कार्ड हातात घेऊन बसलो. सयाजीराव महाराज १८७५ साली कवळाण्याहून बडोद्यास दत्तक आले, तेव्हा बारा वर्षांच्या त्या मुलाला अक्षरओळख नव्हती. त्याच राजाने १९०६ साली साऱ्या संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले, मुलींनाही. आमची आजी त्या कायद्यामुळे लिहायला शिकली, हे वडील अभिमानाने सांगत. अशा गावात, अशा घरात, वडिलांची लेखणी कोणाकडे जावी हे मुलीला विचारावे, एवढे मला सुचले नव्हते.

दसऱ्याच्या आधी मी ती झरणी एका भाच्याबरोबर कारवारला पाठवली. ही वडिलांची नव्हे, हिचे एक अक्षर मी पुसले आहे, हेही लिहून कळवले. आक्काने पाटीवर सरस्वती काढून तिच्याशेजारी ती ठेवली आणि दुसऱ्या दिवशी तिनेच मला पत्र लिहिले. अक्षर मोठे, सुटे, थरथरते. पण वडिलांनी घोटवलेले. निब त्या अनोळखी माणसाच्या हाताच्या कलाने झिजलेली असल्यामुळे तिला ती जरा खरखरते, असे तिने कळवले होते.

मी उलट टपाली विचारले, "परत पाठव, घासून गुळगुळीत करून देऊ का?"

"हात लावू नकोस," तिचे उत्तर आले.