फ्रीजमधली पाहुणी

उत्तरपत्रिका तपासणाऱ्या माणसाला दोन गोष्टींची फार गरज असते. एक सहनशीलता आणि दुसरे, दर अर्ध्या तासाने काहीतरी गार. पहिली बाजारात मिळत नाही. दुसऱ्यासाठी आमच्या घरी वैशाखात पन्ह्याची बरणी भरलेली असते. त्या दुपारी एका विद्यार्थ्याने ज्ञानेश्वरांना तुकारामांचे शिष्य करून टाकलेले मी पाहिले आणि उठून फ्रीज उघडला. बरणी जागेवर होती. पण तिच्या पलीकडे, ताकाच्या पातेल्याला खेटून, काळसर काचेची एक बाटली अंग चोरून उभी होती. चष्मा लावून मी तिच्यावरचा कागद वाचला. ती बिअर होती.

वाचकहो, पुष्कळांच्या घरी असे घडले असेल. काहींच्या घरी घडूनही कळले नसेल. पण आमच्या घरात दारू हा शब्दच कुणी उच्चारत नाही. व्याकरणाच्या भाषेत सांगायचे तर तो नेहमी अध्याहृत असतो. माझे धाकटे काका, बापूकाका, तिच्यापायी बेचाळिसाव्या वर्षी गेले. मी तेव्हा अकरावीत होतो. आजीने विचारणाऱ्याला एवढेच सांगितले, “कावीळ झाली.” त्यांचा फोटो तिने ट्रंकेत तळाशी घातला, आणि ती कावीळ आम्ही सर्वांनी तीस वर्षांहून अधिक काळ इमानाने जपली. माझ्या मुलालाही बापूआजोबा काविळीने गेले, एवढेच ठाऊक होते.

सौभाग्यवतींकडे गेलो, तर त्या कैऱ्या किसत होत्या. “सकाळीच पाहिलीय मी,” मान वर न करता त्या म्हणाल्या. “चिरंजीवांनी आणलीय. तुमचं तुम्ही बघा. माझ्या पन्ह्याला वास लागला नाही म्हणजे झालं.”

चिरंजीव बंगळूरला नोकरीला असतात आणि सुटीवर आले होते. संध्याकाळी गच्चीवर सतरंजी टाकून आम्ही बसलो. दिवसभर तापलेली फरशी अजून चटके देत होती. मी मनात मोठे प्रास्ताविक जुळवले होते. पण त्यानेच सुरुवात केली.

“बाबा, लपवायची असती तर मित्राकडे ठेवली असती. मुद्दाम घरी आणली.”

या वाक्याने माझे प्रास्ताविक कोसळले. काहीतरी बोलायचे म्हणून मी मास्तरी प्रश्न केला, “परवाना आहे का?” आपल्याकडचा दारूबंदीचा कायदा १९४९ सालचा; महाराष्ट्रात पिणाऱ्याला परवाना लागतो, तो आजही. चिरंजीवांनी खिशातून एका दिवसाच्या परवान्याचा कागद काढून दाखवला. माझे शस्त्र बोथट झाले.

“बरं, उन्हाळ्यात म्हणून हीच का निवडलीस?” मी विचारले. खरे तर मला रागवायचे होते. पण शिक्षकाला प्रश्न सुचला की राग लांबणीवर पडतो.

मग त्याने मला शिकवायला घेतले. उन्हाळ्यात काळी, दाट, भाजलेल्या जवाची बिअर कुणी घेत नाही, ती थंडीतली. फिकट सोनेरी ‘पिल्स्नर’ १८४२ साली बोहेमियातल्या पिल्सेन गावी प्रथम तयार झाली. तिचे किण्व थंडाव्यात सावकाश काम करते आणि नंतर ती कित्येक आठवडे गारव्यात मुरवतात, म्हणून स्वच्छ लागते. गव्हाची बिअर गढूळ असते. तिला केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो, आणि तो केळी-लवंग न घालता नुसत्या किण्वामुळे येतो. ‘इंडिया पेल एल’ नावाची एक आहे. नाव आपल्या देशाचे, पण ती मुळात विलायतेत करून शिडाच्या जहाजांतून इकडच्या गोऱ्या साहेबांसाठी यायची. तिच्यात हॉप्सची फुले भरपूर, म्हणून ती कडू. “उन्हाळ्यासाठी नियम सोपा आहे, बाबा. हलकी, कमी मद्याची, कडवटपणा थोडा आणि चव तरतरीत. म्हणून ही आणली. हिला ‘गोझं’ म्हणतात. जर्मनीत लाइपझिगकडची. आंबट असते. त्यात मीठ आणि धणे घालतात.”

“आंबट, मीठ आणि धणे?” मी सावरून बसलो. “आंबटपणा कशानं येतो?”

“जिवाणूंनी. आपल्या दह्यातल्यांचेच भाऊबंद.”

“अरे, म्हणजे जर्मनांनी मठ्ठाच केला की!”

तो मनापासून हसला, आणि मीही हसलो. पण हसता हसता मला वाटले, यात नवल ते काय? घामाने मनुष्य सगळीकडे सारखाच भिजतो. घामावाटे मीठ जाते, म्हणून जीभ मीठ मागते. तोंड कोरडे पडते, म्हणून आंबट मागते. कोकणातल्या माणसाला आमसुलात सोलकढी सापडली, देशावरच्याला ताकात मठ्ठा सापडला, आमच्या सौभाग्यवती पन्ह्यातही न चुकता चिमूटभर मीठ टाकतात. लाइपझिगकरांनी आपल्या परीने तेच शोधले. फरक एकच होता, आणि तोच आमच्या घराच्या मुळावर आला होता.

“मग ही तहान भागवते?” मी विचारले.

“नाही,” तो शांतपणे म्हणाला. “मद्यानं शरीरातलं पाणी उलट जास्त बाहेर जातं. तहान पाण्यानंच भागते, बाबा. ही चवीपुरती. आणि मला कळतंय तोवरच.”

मला कळतंय तोवरच! बापूकाकाही एके काळी असेच म्हणत असतील. मला राहवले नाही.

“बापूआजोबांना कावीळ झाली होती हे खरं,” मी म्हणालो, “पण ती कशानं झाली, ते आम्ही कधी सांगितलं नाही.” आणि मग मी सारे सांगितले. सुंदर तबला वाजवणारे काका, दर महिन्याला सुटणाऱ्या शपथा, आजीच्या गेलेल्या पाटल्या, शेवटी पिवळे पडलेले डोळे. काळोख झाला होता म्हणून सांगता आले.

तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “हे मला आधी का नाही सांगितलंत?”

मजजवळ उत्तर नव्हते. जन्मभर मुलांना ‘सविस्तर उत्तर लिहा’ असे बजावणाऱ्या मी घरच्या एका प्रश्नाचे उत्तर तीस वर्षे एका शब्दात दिले होते.

त्याने बाटली उघडली. फुलपात्रात मी घोटभर घेतली. आंबट, खारट, मागून धण्याचा मंद वास. वाईट नव्हती. वाईट असती तर मला फार बरे वाटले असते. फुलपात्र खाली ठेवून मी माठातले पाणी प्यालो. त्याने आपला पेला संपवला. बाटलीत बरीच उरली होती, तरी पुन्हा ओतली नाही. तेवढ्यात सौभाग्यवती जिना चढून मठ्ठ्याचे पेले घेऊन आल्या आणि आम्ही दोघांनीही हात पुढे केले.

त्या एका संध्याकाळीने त्याची जन्माची काळजी मिटली, असे मी म्हणणार नाही. काळजी आहे. पण आता ती बोलता येते.

यंदा दिवाळीच्या साफसफाईत ट्रंक उघडली आणि बापूकाकांचा फोटो वर आला. चिरंजीवांनी स्वतः खिळा ठोकून तो आजीच्या शेजारी लावला. फराळाला आलेल्या शेजारच्या काकूंनी विचारले, “हे कोण? आणि गेले कशानं?”

मी सवयीने कावीळ म्हणणार होतो. पण माझ्या आधी मुलगा बोलला, आणि त्याने काही न लपवता सारे सांगितले. काकू लाडू हातात धरून ऐकत राहिल्या. त्या उत्तराला मी मनातल्या मनात पैकीच्या पैकी गुण दिले.