आवाज पूर्ण जपू या



माझे शिक्षण पदवीपर्यंत हिंदी माध्यमातून झाले. मराठी मी पुस्तकातून कमी आणि कानाने जास्त शिकले. ‘चार’ आणि ‘चारा’ यांतला ‘च’ लिहायला एकच, पण बोलायला निराळा, हे मला घरातल्या मोठ्यांच्या बोलण्यातून समजले. आपल्या उज्जैनमधील बऱ्याच मुलांचे आजही असेच आहे. म्हणून आवाजाची फाईल हा विषय फक्त संगणकाच्या तासाचा नाही, आपल्या भाषेचाही आहे.

सीडी १९८२ साली बाजारात आली. तिच्यात दर सेकंदाला ४४,१०० वेळा आवाजाची मोजणी होते आणि एका मिनिटाला साधारण १० एमबी जागा लागते. एवढी फाईल त्या काळी इंटरनेटवरून पाठवणे अवघडच होते. जर्मनीतील फ्राउनहोफर संस्थेच्या संशोधकांचा मोठा वाटा असलेल्या पद्धतीने हा प्रश्न सोडवला. १९९५ मध्ये तिच्या फाईलला ‘एमपी३’ हे नाव मिळाले. महाकालच्या आरतीत झांजा-नगारे वाजत असताना शेजारच्याची कुजबुज ऐकू येत नाही. तसेच मोठ्या आवाजाखाली कानाला न कळणारे बारीक आवाज ही पद्धत गाळून टाकते. १२८ केबीपीएस दराने एक मिनिट सुमारे १ एमबीत मावते.

रोज ऐकण्यासाठी हे सोयीचे आहे. पण दर फारच कमी केला, की कानाला कळणारेही जाऊ लागते. तंबोऱ्याची जवारी, झांजेचा नाद, बोलण्यातला ‘स’-‘श’ आणि ‘च’चे दोन उच्चार यांना आधी धक्का लागतो. जवळच देवासला १९४८ पासून अखेरपर्यंत राहिलेले पं. कुमार गंधर्व तंबोरे जुळवण्यात अत्यंत काटेकोर होते. त्यांचे गाणे अशा फाईलवर ऐकले तर शब्द समजतात, पण मागचा तंबोरा विरलेला वाटतो.

एकदा गाळलेला आवाज परत येत नाही. एमपी३ची नंतर वेव्ह फाईल केली तर फक्त आकार वाढतो.

माझ्या आजीच्या जात्यावरच्या ओव्यांची एक कॅसेट घरी होती. ती एका दुकानातून संगणकावर भरून घेतली. जागा वाचावी म्हणून तिथे अगदी कमी दराची फाईल केली गेली. पुढे कॅसेट बुरशीने गेली. आज ओव्या कळतात, पण जात्याची घरघर पाण्यात बुडाल्यासारखी येते, आणि आजीचा ‘च’ मुलांना ऐकवता येत नाही.

मुलांनो, या सुट्टीत आजी-आजोबांच्या ओव्या, आरत्या, गोष्टी रेकॉर्ड करा. मूळ फाईल वेव्ह किंवा फ्लॅकमध्ये ठेवा. फ्लॅकमध्ये काही न गाळता जागा बरीच कमी लागते. ऐकायला एमपी३ची वेगळी प्रत करा. व्हॉट्सॲपवर पाठवताना ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, म्हणजे फाईल जशीच्या तशी जाईल. नाव, तारीख, गाव लिहायला विसरू नका.

शाळेच्या कपाटात जुन्या स्नेहसंमेलनांच्या कॅसेट आहेत. त्या चालू स्थितीतल्या टेपवरून, पूर्ण दर्जाने उतरवून दोन ठिकाणी ठेवाव्यात, एवढी विश्वस्त मंडळींना नम्र विनंती. फिती दरवर्षी थोड्या थोड्या खराब होत आहेत.