बोरीच्या पात्रातून

नळदुर्गला येणारे पाणीमहाल पाहतात आणि एसटी गाठतात. आम्ही मात्र किल्ल्याबाहेर पडून बोरी नदीच्या पात्रात उतरलो. वाट अशी नव्हतीच. शेरडांनी पाडलेली पायवाट, दोन्हीकडे काळा कातळ, मधे डबकी. त्या वर्षी पावसानं दगा दिलेला. नर-मादी दोन्ही धबधबे कोरडे. अब्बांचे गुडघे दुखत होते, तरी मागून 'चलो, आगे चलो' चालूच.

वळणावर बंधारा समोर आला. एकीकडे किल्ला, दुसरीकडे रणमंडळ, मधे ही दगडी भिंत. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, 1613 साली मीर इमादीननं बांधलेली. भिंतीच्या पोटात महाल! वरून पाणी कोसळतं, आत माणसं कोरडी. खालून पाहिल्याशिवाय तिची उंची कळत नाही, हे आमचं ठाम मत.

महालात फारसी शिलालेख आहे. सकाळी तिथं एका गृहस्थानं आम्हाला विचारलं, "काय लिहिलंय? तुम्हाला येत असेल ना?" अगदी साध्या मनानं. आम्ही भावंडं मराठी शाळेतली, गप्प राहिलो. अब्बांची शाळा उर्दूतली, त्यांना चार-दोन शब्द लागले. आम्हाला एकही नाही.

पात्रात अब्बा एका दगडावर टेकले. "तुम लोगों को सिखाना रहच गया," म्हणाले. मग ओल्या वाळूत काठीनं अलिफ काढला. खाली बे. आम्ही, चाळिशी उलटलेले, उकिडवे बसून गिरवू लागलो. 'पे'चे तीन ठिपके देईपर्यंत शेरडं पाण्यावर आली.