बाबांची नवी शिफ्ट

‘म्हणजे प्रॉडक्शन बंद?’ बोन मॅरोचा रिपोर्ट ऐकून बाबांनी डॉक्टरांना विचारलं. चिंचवडच्या कारखान्यात उभी हयात गेलेला माणूस. रक्त तयार होत नाहीये, हे त्यांना त्याच भाषेत कळणार!

दर पंधरवड्याला रक्ताची पिशवी सुरू झाली. मग ट्रान्सप्लांटचा विषय निघाला. मुलं आईबाबांशी निम्मी मॅच होतातच. चाकणला नोकरी करणारा दादा डायबिटीसमुळे बाद. उरले मी. चार-पाच दिवस इंजेक्शनं, मग काही तास मशीनशेजारी पडून राहायचं. बास.

‘पोरीला कशाला सुया? लॅबमध्ये वाढवा की या पेशी!’ बाबांचं पालुपद.

पत्रकार लेकीला असं आव्हान देऊ नये. मी शोधायला बसले. पेशी वाढतात, पण एकट्यानं नाही. नुसत्या बशीत ठेवल्या, तर रक्ताच्या स्टेम सेल्स मरतात किंवा स्टेम सेल्स उरतच नाहीत. 1977 मध्ये मँचेस्टरच्या मायकेल डेक्स्टरनं उंदराच्या मॅरोतल्या आधारपेशींचा थर तयार केला. त्यावर त्या महिनोन्‌महिने टिकल्या. 2012 मध्ये ह्यूस्टनच्या डॉक्टरांनी 31 रुग्णांचा अनुभव मांडला. आधारपेशींसोबत वाढवलेलं नाळेचं रक्त दिल्यावर पांढऱ्या पेशी साधारण 15 दिवसांत परतल्या. एरवी 24 दिवस लागायचे. मेख एकच, पुढचं लांबचं काम मुख्यतः जोडीला दिलेल्या, न वाढवलेल्या पिशवीनं केलं.

आणि आपल्या पुणे विद्यापीठाच्या आवारात, नॅशनल सेंटर फॉर सेल सायन्समध्ये, डॉ. वैजयंती काळे यांच्या टीमनं 2018 मध्ये दाखवलं, की उंदराच्या म्हाताऱ्या स्टेम सेल्स तरुण आधारपेशींच्या सहवासात ठेवल्या, की पुन्हा जोमानं कामाला लागतात.

बाबांना हे फार आवडलं. ‘उंदरांचं झालं. माणसांचं?’

‘तेवढं थांबायला आपल्याकडे वेळ नाही, बाबा.’

ते बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिले. ‘म्हणजे तुझ्याच घ्याव्या लागणार. दुखेल गं तुला.’

‘नाईट शिफ्ट करून यायचात, तेव्हा तुम्ही कधी सांगितलंत, पाय दुखतात म्हणून?’

मंगळवारी माझ्या तपासण्या आहेत. बाबांनी आईला डबा करायला सांगितलाय. दोघांचा.