पांढरीच्या पोटात

तेरच्या वडिलोपार्जित जागेवर घर बांधायचे ठरले, तेव्हा ते निम्मे जमिनीत असावे, असा आम्हां दोघांचाही आग्रह होता. अहमदाबादेस पाहिलेले बाळकृष्ण दोशी यांचे 'संगाथ' मनात घर करून होते. दोशींनी १९८० च्या सुमारास उभारलेली ही त्यांची कार्यशाळा अंशतः जमिनीत उतरलेली आहे. वर पांढऱ्या चिनी मातीच्या तुकड्यांनी मढवलेली कमानदार छपरे. मराठवाड्याच्या उन्हाळ्याला याहून समर्पक उत्तर आम्हांस सुचत नव्हते. जमिनीत खोलवर तापमान वर्षभर फारसे बदलत नाही. धान्यासाठी पेवे खणणाऱ्या पूर्वजांना जमिनीचा हा गुण ठाऊक होता. आज मात्र 'पेव फुटणे' शिकवताना आधी पेव म्हणजे काय, ते वर्गाला सांगावे लागते.

आई एवढेच म्हणाली, "मातीखाली निजायला मला सांगू नका."

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जन करून निजलेली किल्लारी परिसरातील हजारो माणसे दगडमातीच्या भिंती आणि माळवदांखाली गाडली गेली. मातीच्या ज्या जाड थरामुळे माळवदाचे घर थंड राहते, त्याच थराचे ओझे त्या पहाटे अंगावर आले. आमच्या अभियंत्याने सिमेंट-सळईच्या भिंतींचे गणित मांडले. ते बिनचूक होते. आईची भीती मात्र गणिताने जाणारी नव्हती.

दुसरी अडचण आमच्याच भाषेत दडलेली होती. शेताची ती काळी, वस्तीची ती पांढरी. तेरची पांढरी म्हणजे प्राचीन तगर. येथील टेकाडांतून मणी, नाणी, मृण्मूर्ती निघाल्या. रामलिंगप्पा लामतुरे यांनी त्या जिवापाड जमवल्या, म्हणून गावात आज संग्रहालय आहे. पण वस्तू हाती आली, तरी ती ज्या थरात होती तो थर एकदा उकरला की पुन्हा वाचता येत नाही. हस्तलिखिताची पाने विस्कटावीत, तसेच हे.

चाचणीचा खड्डा घेतला. कमरेइतक्या खोलीवर भाजक्या विटांची एक सरळ ओळ लागली. ती किती जुनी, हे सांगण्याचा आमचा अधिकार नाही. कळवायचे तेथे कळवले आणि जमिनीत उतरण्याचा बेत सोडला. ज्याला आम्ही नवी कल्पना समजत होतो, ते कदाचित कुणाच्या तरी घरात न विचारता शिरणे ठरले असते.

आता घर जमिनीवरच आहे. वैशाखात दुपारी ते तापते. आई ओसरीवर स्वस्थ निजते. आम्ही मात्र त्या बुजवलेल्या विटांच्या गारव्याचा हेवा करीत जागे असतो.