लहान जखम

रायपूरच्या भनपुरीत, कारखान्यांना लागून असलेल्या वस्तीत, माझे धाकटे बंधू राहत असत. त्यांच्या शेजारी विदर्भातून आलेले एक कुटुंब होते. त्या घरातील सात वर्षांच्या मुलाला एका पहाटे रक्ताची उलटी झाली. ना ताप, ना कावीळ. तपासण्यांनंतर कळले, की यकृत निरोगी आहे. अडथळा त्याच्या वाटेत आहे. आजी मला म्हणाल्या, "सर, लिव्हर चांगलं हाय म्हणतात, मंग पोरानं रक्त काहून ओकलं?"

आतड्यांतील व पानथरीतील रक्त प्रवेशिका नीलेवाटे यकृतात जाते. ही नीला बालपणीच गुठळीने बुजली, तर रक्त मागे तुंबते, पानथरी वाढते, अन्ननलिकेतील शिरा फुगतात आणि कधीतरी फुटतात. काही मुलांत जन्मानंतर बेंबीला झालेला संसर्ग याच्या मुळाशी असतो. पुष्कळदा कारण सापडतच नाही. फुगलेल्या शिरा दुर्बिणीतून बांधता येतात, पण तुंबलेल्या रक्ताला वाट हवीच असते.

गळ्यातील नीलेतून तार सरकवून यकृतात जाळीदार नळी बसवता येते, पोट कापावे लागत नाही, असे वडिलांनी ऐकले होते. त्यांनी तोच आग्रह धरला आणि मी त्यांची बाजू घेतली. थोडक्यात साधलेले ते उत्तम, ही आम्हा समीक्षकांची जुनी कसोटी.

शल्यचिकित्सकांनी शांतपणे समजावले. 1877 मध्ये निकोलाय एक या रशियन वैद्याने कुत्र्यांमध्ये ही नीला यकृत टाळून थेट महानीलेला जोडली होती. 1893 मध्ये पाव्हलॉव्ह व त्यांच्या सहकाऱ्यांना आढळले, की अशा कुत्र्यांना मांस चारले की ते भ्रमिष्ट होतात. यकृतात शुद्ध न झालेले रक्त मेंदूला बाधते. नळीतले रक्तही यकृतातून जाते खरे, पण त्याच्या पेशींना न भेटता. शिवाय येथे मूळ नीलाच बुजलेली. आणि मूल वाढते, नळी वाढत नाही. याउलट बेल्जियममधील झाँ द व्हिल द ग्वाये यांनी 1990 च्या दशकात रुळवलेल्या पद्धतीत रुग्णाच्याच गळ्यातील नीलेचा तुकडा घेऊन आतड्याकडील रक्त यकृतातील डाव्या शाखेत पोचवतात. रक्त आपल्या घरी परतते. मात्र त्यासाठी पोट उघडावे लागते.

"जखम किती लहान, हे नंतर पाहू," ते म्हणाले, "आधी रक्त कुठे पोचते ते पाहू."

वडिलांनी सही केली. शस्त्रक्रियेच्या त्या दीर्घ दुपारी बाहेरच्या बाकावर बसून मला माझ्या तत्पर मताची लाज वाटत राहिली. चूक ठरली असती, तर तिची किंमत मला मोजावी लागणार नव्हती.

पुढे मुलगा शाळेत जाऊ लागला. तपासण्या चालू राहिल्या. त्याच्या पोटावरचा व्रण मोठा आहे. पाहुणे आले, की तो सदरा वर करून अभिमानाने दाखवतो.