दोन होड्या, एक निळा पट्टा

दोन्ही पांढऱ्या, दोन्हींवर निळा पट्टा. दोन्ही फायबरच्या, 16 फुटी, मागे 40 हॉर्सपॉवरचं पेट्रोल इंजिन. सहा माणसं बसतील एवढ्याच. सांगा, यातली कुठली घ्याल?

या प्रश्नावरून नवीन पनवेलच्या आमच्या घरात तीन रविवार नुसती वादावादी! माझा मामा उरणजवळच्या करंज्याला राहतो. सुट्टीत घरच्यांनी मिळून फिरायला तो आणि बाबा अर्धे-अर्धे पैसे घालून एक जुनी होडी घेणार होते. बाबांना पहिली पसंत. नवा रंग, गुबगुबीत गाद्या, शिवाय वीस हजारांनी स्वस्त. मामाला दुसरी हवी होती, कारण तिचं इंजिन फोर-स्ट्रोक. पहिलीत बाबांच्या जुन्या स्कूटरसारखं पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावं लागे.

आईला मात्र एकही नको होती. करंज्यासमोर, धरमतर खाडीपलीकडे रेवस आहे. 17 जुलै 1947 रोजी मुंबईहून रेवसला निघालेली 'रामदास' बोट बुडाली आणि 600हून जास्त माणसं गेली. मोठ्या लाटेनं बोट कलली, घाबरलेले लोक एकाच बाजूला धावले, असं सांगतात. ही गोष्ट ऐकतच आई लहानाची मोठी झालेली. त्यात आमचा सोनू अवघा पाच वर्षांचा!

चौथ्या रविवारी आम्ही आजोबांना घेऊन होड्या बघायला गेलो. आजोबांचा जन्म मासेमारीत गेला. त्यांनी रंगाकडे, गाद्यांकडे बघितलंच नाही. पहिला प्रश्न, "नेणार कुठं?"

"खाडीतल्या खाडीत," मामा म्हणाला.

मग ते वाकून तळ बघू लागले. आणि मला कळलं की होड्या सारख्या नव्हत्याच! पहिलीचा तळ सपाट. अशी होडी कोणी उभं राहिलं तरी फारशी डुलत नाही, कमी पाण्यातही चालते. पण लाटांवर थडाथड आपटते. दुसरीचा तळ नांगराच्या फाळासारखा निमुळता. ती लाट कापत जाते, पण थांबली की डुलते.

"खाडीला सपाट बरी," आजोबा म्हणाले. बाबांनी मामाकडे असं बघितलं, की काय सांगू!

पण आजोबांचं संपलं नव्हतं. ते मागच्या बाजूला गेले आणि जिच्यावर इंजिन टांगतात ती जाड फळी बोटाच्या पेरानं ठोकू लागले. दुसऱ्या होडीची फळी टणटण वाजली. पहिलीची कडेला टण आणि मध्ये भद्द! पिकलेलं कलिंगड वाजवावं तसं. त्यांनी मलाही ठोकायला लावलं. वरून फायबर, पण आत लाकूड असतं. एखाद्या स्क्रूच्या भोकातून पाणी मुरलं की ते आतल्या आत कुजतं. नवा रंग त्यावरच चढवलेला! एवढं जड इंजिन भर खाडीत अशा फळीसकट निखळलं तर?

बाबा गप्प झाले. आम्ही दुसरी घेतली.

आईनं अट घातली, आधी सहा लाइफ जॅकेटं, त्यातलं एक सोनूच्या मापाचं. मोठ्यांचं जॅकेट लहान मुलाला घातलं तर पाण्यात ते डोक्यावरून निघून येतं. त्यात उरलेले पैसे संपले, म्हणून आम्ही अजून लाकडी फळ्यांवरच बसतो.

नारळी पौर्णिमेनंतर नारळ वाढवून आम्ही निघालो. सुरू केल्यावर इंजिनाच्या बाजूनं पाण्याची बारीक धार उडते. ती बघत राहणं हे माझं काम. धार थांबली की समजायचं, इंजिनाला थंड पाणी मिळत नाही, लगेच बंद करा. धार उडत होती. आई एका हातानं फळी आणि दुसऱ्या हातानं सोनूच्या जॅकेटचा पट्टा धरून बसली होती.

परतताना ओहोटीची वेळ चुकली आणि आमची होडी चिखलात रुतली. भरती येईपर्यंत बसून राहावं लागलं. शेजारून एक सपाट तळाची होडी आरामात निघून गेली.

"बघा!" बाबा म्हणाले.

मामानं बिस्किटांचा पुडा फोडला आणि पहिलं बिस्किट त्यांच्या तोंडात कोंबलं.